सोवळ्यातलं यंत्र

माझ्या आईनं आयुष्यात एकच यंत्र सोवळ्यात घेतलं, आणि ते नेमकं माझं होतं. शिलाई मशीन, मिक्सर, बाबांचा रेडिओ, हे सगळे तिच्या लेखी ओवळे. पण आमच्या आदिलाबादच्या पॉलिटेक्निकमधल्या स्पार्क मशीनला तिनं अख्ख्या गल्लीसमोर शुद्ध ठरवलं. ते आठवलं की मला अजून हसू फुटतं, आणि हसता हसता डोळे भरतात तेही काही लपवण्यासारखं नाही.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या मुलांना शिकवायचे. शाखेत बाई मी एकटीच, उंचीनं कमी, आणि रागाला भारी. घरात आम्ही तिघंच उरलो होतो. दोघे भाऊ नोकरीसाठी लांब गेले होते, बाबा तहसील कचेरीत होते, आणि आई दिवसभर देवघर नि स्वयंपाकघर यांच्या मधल्या चार फरशांवर राज्य करत असायची. मी कॉलेजातून आल्यावर पाय धुतल्याशिवाय त्या फरशांवर पाऊल टाकलं की आमचं भांडण जुंपायचं. तिचं सोवळं आणि माझा राग, दोन्ही सारखेच कडक होते.

मला हैद्राबादला जाऊन संशोधन करायचं होतं. तिथल्या प्रयोगशाळेतले एक सर नव्या जातीच्या सिरॅमिकवर काम करत. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी खिशातून एक काळा तुकडा काढला, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीएवढा, आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "तुमच्याकडं स्पार्क मशीन आहे ना? यात एक आरपार भोक पाडून आण. भोकाभोवती तडा नको. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर ठेव, जागा तुझी. नाहीतर दुसरे दोघं थांबलेत."

मशीन आमच्याकडं होतं हे खरं. फक्त ते खोक्यात होतं. कुठल्याशा सरकारी योजनेतून आलेलं, आणि आल्यापासून कुणी उघडलेलं नाही. प्रिन्सिपॉल साहेबांनी त्यावर सतरंजी घालून चहापाण्याची सोय केली होती.

तो तुकडा घरी आला तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखी गडबड उडाली. मी बाबांना समजावून सांगितलं, की ही पक्की भाजलेली पांढरी चिनी माती समजा, फक्त तिच्यात टायटॅनियम कार्बाईडची काळी पूड मिसळून, दाबून, भट्टीत काढलेली. बाबांनी कानस आणली. घासघास घासलं. तुकडा तसाच, कानस मात्र चकचकीत. निर्मल गावी माझ्या मामाच्या शेजारी खेळणी करणारे राहायचे, त्यांचं लाकूड इतकं मऊ की नखानं ओरखडा उठायचा. इथं उलट माझंच नख झिजलं. कॉलेजातला अटेंडर तलमडुगु गावचा, घरची कापसाची शेती, हाताला भलताच जोर. त्यानं ड्रिल लावून पाहिलं आणि ड्रिलचं टोक चपटं करून बाहेर काढलं.

"म्याडम, हे दगड नाई, हे सासू हाये," तो म्हणाला.

बाबांनी कचेरीच्या थाटात हुकूम सोडला, "मामला संगीन है बेटा. मशीन फौरन हाजिर करो."

मग आम्ही खोकं फोडलं. प्रिन्सिपॉल साहेबांचा चहा खिडकीत गेला.

हे स्पार्क मशीन म्हणजे गंमतच असते. ज्या आकाराचं भोक हवं त्या आकाराची तांब्याची कांडी वरून खाली उतरते, पण तुकड्याला टेकत नाही. केसाएवढी फट राखून थांबते. त्या फटीतून विजेच्या ठिणग्या उडतात, सेकंदाला हजारो, आणि एकेक ठिणगी कणभर माती वितळवून उडवते. चुकून कांडी टेकलीच, तर मशीन आपोआप तिला वर खेचतं. तुकडा कितीही कठीण असू दे, त्यातून वीज जात असली की झालं. नुसत्या चिनी मातीतून वीज जात नाही, पण आमच्या तुकड्यात ती काळी पूड होती म्हणून जात होती. आणि हे सगळं चालतं घासलेटात बुडवून.

तिथंच घोडं अडलं. टाकी भरायला पिंपभर घासलेट हवं होतं. त्या काळी घासलेट रेशनवर. कॉलेजनं रीतसर मागणी केली असती तर मंजुरी येईपर्यंत मीच रिटायर झाले असते. मी घरी येऊन आदळआपट केली, आणि आमच्या घराच्या भिंती एवढ्या पातळ की शेजारच्या अक्काला सगळं ऐकू गेलं. अक्का तेलुगू होती, वयानं आईएवढी, आणि सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. ती दारात येऊन उभी राहिली, हातात घासलेटाचा डबा.

"घे. पण सणाच्या आधी परत पायजे. पुरणाचे बूरेलु तळायचे हायेत मले."

अक्कानं दिलं म्हटल्यावर गल्लीनं दिलं. बाटल्या, डालड्याचे डबे, एकीनं तर कळशी भरून. दिवेलागणीनंतर कुणी तेल-मीठ देत नाही, म्हणून सगळ्यांनी दुपारीच धावपळ केली. हातगाडीवर ते सगळं रचून मी आणि अटेंडर कॉलेजकडं निघालो तेव्हा रस्त्यावरचे लोक बाजूला सरकत होते. वासच तसा होता.

आई तेवढी गप्प होती. तिनं आपल्या घरचं घासलेट काढून दिलं. जेवायला वाढताना शेवटी म्हणाली, "हैद्राबादले काऊन जाते? इथं काय कमी हाये तुले?"

"आई, मला शिकायचंय."

"शिकलीस की. पोट्ट्यांले शिकवून राह्यली. अजून काय उरलं?" आणि मग भाताकडं बघत, "दोघं गेले. आता तू बी जाशील. हे घर मले खायले उठते."

मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण तिचा आवाज ऐकून घास गिळला. मग ती एकदम म्हणाली, "थे कांडी खरंच शिवत नाई त्या दगडाले?"

मी पोळपाटावरच्या पोळीवर उलथनं धरलं, किंचित वर. म्हटलं, "असं. कधीच टेकत नाही. टेकलं तर मशीन स्वतःच बाजूला होतं."

"अन् तरी भोक पडते?"

"तरी पडतं."

तिनं बराच वेळ त्या उलथन्याकडं पाहिलं. "तुयापरीस शहाणं हाये मग," म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.

दसऱ्याची सुट्टी लागली होती, कॉलेज ओस. अष्टमीला सकाळी मी मशीन सुरू करणार हे गल्लीत पसरलं, आणि गल्ली आपलं घासलेट बघायला आली. अक्षरशः आली. त्या दिवशी सद्दुला बतकम्मा, म्हणजे संध्याकाळी फुलांची उतरंड तळ्यावर न्यायची. बायका फुलांच्या टोपल्या घेऊनच आल्या आणि वर्कशॉपच्या फरशीवर पसरून तंगेडूची पिवळी फुलं रचायला बसल्या. बाबा कचेरीतून वाळूच्या दोन बादल्या घेऊन आले आणि त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले, कारण घासलेटात ठिणगी हा प्रकार त्यांच्या कुठल्याच कायद्यात बसत नव्हता. मी सांगून थकले की ठिणगी घासलेटाच्या खोल आत उडते, तिथं हवा नाही, आग लागत नाही. ते म्हणाले, "पंचनामा मला लिहावा लागेल, तुला नाही."

अटेंडर नारळ घेऊन टाकीवर वाकला तेव्हा मी अशी किंचाळले की अक्काच्या हातची फुलं सांडली. नारळाचं पाणी टाकीत गेलं असतं तर जड म्हणून थेट तळाशी, तुकड्यावर जाऊन बसलं असतं. नारळ बाहेर पायरीवर फुटला.

मग मी कळ दाबली.

आधी काहीच नाही. मग घासलेटाच्या तळाशी एक निळा ठिपका. मग दुसरा. मग मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि बारीक बारीक बुडबुडे. "अय्यो, उकळून राह्यलं!" अक्का ओरडली. बाबांनी बादली उचलली. अटेंडरनं बाबांना उचललं असतं, पण मी मधे पडले. सगळ्यांना वाकून बघायचं होतं, आणि एकमेकींच्या डोक्यांशिवाय कुणाला काही दिसत नव्हतं. आईसुद्धा होती. ती फरशीवर टेकली नव्हती. दाराशी लुगडं सावरून उभी होती आणि मान लांब करून बघत होती. तिला ठिणगी दिसली तेव्हा तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले, उगाचच.

पण हे काम धिमं असतं. ठिणगी चाटते, चावत नाही. कांडी किती उतरली ते दाखवणारा काटा जेमतेम हलायचा. बायकांची फुलं रचून झाली, गाणी सुरू झाली. जागा थोडी, म्हणून त्यांनी मशीनभोवतीच फेर धरला. मधे माझं मशीन तडतडतंय, भोवती टाळ्या आणि बतकम्माची गाणी, मराठी बायका शब्द न येता सूर धरतायत, बाबा वाळूसकट फेराच्या आत अडकलेले. मीही नाचले. संशोधनाची पद्धत म्हणून कुठल्या पुस्तकात हे सापडणार नाही.

आणि नाचता नाचता मला घाई सुटली. माझा स्वभावच तो. मी करंट वाढवला. तडतड मोठी झाली, काटा भरभर फिरला, बायकांनी टाळ्या वाढवल्या. दुपार कलायच्या आत कांडी आरपार गेली. मी तुकडा काढला, ओढणीला पुसला आणि खिडकीकडं धरला. भोकातून उजेड दिसला. गोल, स्वच्छ, शेंगदाण्याएवढं आभाळ. अक्कानं मला उचलून फिरवलं.

आई पुढं आली. नवीन कामाला हळदकुंकू लावल्याशिवाय ती कुणाला हात लावू देत नसे. तिनं तुकड्यावर बोटानं कोरडी हळद दाबली, वर कुंकू.

मी बघत होते, म्हणून मला दिसलं. हळदीत एक केसासारखी रेघ उमटली. भोकापासून कडेपर्यंत, ओली, गडद. आधी नव्हती, मग होती, आणि हळूहळू रुंद होत गेली. मुलांना मी हीच परीक्षा खडूची पूड लावून शिकवायचे. घासलेट फटीत मुरतं, वरून पुसलं तरी आत राहतं, आणि कोरडी पूड त्याला बाहेर ओढते. जिथं ओली रेघ, तिथं तडा. जास्त करंट म्हणजे जास्त ताप, आणि तापानं माती तडकली होती.

"फुटलं," मी म्हटलं आणि तिथंच फरशीवर बसले.

टाळ्या थांबल्या. कुणाला काही कळेना, कारण भोक तर सगळ्यांनी पाहिलं होतं. मी रेघ दाखवली. अक्कानं पदरानं पुसून पाहिली, ती परत आली. मी रडले, चिडले, घासलेटाला शिव्या दिल्या. अटेंडर तुकडा उलटापालटा करत होता. "म्याडम, या अंगाले जागा हाये अजून. इकडं तडा नाई. दुसरं पाडा."

जागा होती. सरांनी एक भोक मागितलं होतं, पण किती पाडायची ते कुठं सांगितलं होतं? या वेळी करंट कमी, एकदम कमी. म्हणजे पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस लागणार. दसऱ्याच्या सकाळी बस गाठायची, तर दिवस एकच उरला होता, दुसरा.

दुसरा दिवस म्हणजे खंडेनवमी.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. नांगर, विळे, कात्री, कानस, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, फुलं वाहायची, आणि त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विश्रांती. अटेंडरनं झेंडूची माळ आणूनही ठेवली होती. तो जीभ चावून म्हणाला, "उद्या मशीनले हात नाई लावता येत म्याडम. माया बापानं कधी नवमीले विळा उचलला नाई." अक्का म्हणाली, तिच्या नवऱ्याच्या दुकानाची तराजूसुद्धा उद्या बंद. घासलेटाचं ती बघून घेईल, गल्लीचे बूरेलु नि पुरणपोळ्या चुलीवर होतील, पण हत्यार चालवायचं म्हणजे... बाबांनी खुर्ची घडी केली. "मिसल दाखिल-दफ्तर," ते हळूच म्हणाले. म्हणजे प्रकरण संपलं.

सगळे आईकडं बघायला लागले. आमच्या गल्लीत चालतं काय नि चालत नाही काय, ते तिला विचारायची रीत होती. तेलुगू बायकासुद्धा विचारायच्या. मला वाटलं, आता सुटली ती. तिला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नव्हता. शास्त्रच तिच्या बाजूनं होतं. नुसती मान हलवली असती तरी मी घरात राहिले असते, तिच्या चार फरशांशेजारी, आणि दोष कुणाचाच नसता.

आई पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली होती. ती चालत आली, मशीनपाशी थांबली आणि टाकीत वाकून कांडीकडं बघत राहिली.

"हत्यार कायले म्हणाव?" ती म्हणाली. "जे शिवते थे. विळा पिकाले शिवते, कात्री कापडाले शिवते. हे तर शिवतच नाई." मग अटेंडरकडं वळून, अगदी दरडावून, "लांबूनच करते ना सगळं? मंग हे हत्यार नाई. हे सोवळ्यात हाये. चालते."

मग अक्कानं "सरे, चालते!" म्हणून टाळी वाजवली आणि अटेंडरनं हातातली झेंडूची माळ कानशीच्या गळ्यात घातली. मी आईला मिठी मारायला धावले, तर ती दोन पावलं मागं सरली. "घासलेटाचे हात हायेत तुये. शिवू नको."

नवमीला पहाटे मशीन सुरू झालं. आईनं धुतलेलं लुगडं नेसून स्वतः कळ दाबली. त्या दिवशी मी करंटच्या खटक्याला हात लावला नाही, बाबांनी त्यावर वाळूची बादलीच ठेवली होती. दिवसभर ती बारीक तडतड, इतकी हळू की कान लावावा लागे. बायका चुलीवरच्या पोळ्या घेऊन येत होत्या आणि काट्याकडं बघून "अजून नाई?" म्हणत परत जात होत्या. दिवेलागणीला उजेड पुन्हा आरपार दिसला.

सगळे म्हणाले, लाव हळद. मला धीर झाला नाही. मी तुकडा फडक्यात गुंडाळला आणि म्हटलं, "आता बघायचं नाही. जे असेल ते सरांच्या टेबलावर." आईनं फडकं माझ्या हातातून घेतलं, बिस्किटाच्या डब्यात ठेवलं आणि घरी गेल्यावर डबा देवघरात नेला. मी पाय न धुता तिच्या मागं गेले, पण ती काही बोलली नाही.

दसऱ्याला सकाळी मी बसमध्ये बसले. आई म्हणाली, सीमोल्लंघनाचा दिवस हाये, बरा हाये. बसच्या खिडकीतून तिनं डबा दिला, पेरू दिले, आणि गाडी हलल्यावर तिथंच उभी राहिली. मी हात हलवला. तिनं हलवला नाही. तिला तशी सवयच नव्हती.

नेरडीगोंड्याला बस चहाला थांबली. सगळे उतरले. मला राहवेना, मी डबा उघडला.

तुकडा फडक्यात नव्हता. नुकतीच सरकी काढलेल्या कापसावर ठेवला होता. आणि दुसऱ्या भोकाभोवती हळद होती, बोटानं नीट दाबून लावलेली, भोकाच्या कडेकडेनं, जरासुद्धा जागा न सोडता. रात्रभराची हळद. कोरडी, पिवळी, सगळीकडं सारखी. एकही रेघ नाही.

मी मोठ्यानं रडायला लागले. चहा पिऊन आलेला कंडक्टर घाबरून म्हणाला, "एमैंदम्मा? काही हरवलं काय?" मी नाकानं हसत म्हटलं, "नाही हो. भोक पडलंय, आरपार." त्यानं घाईघाईनं माझ्या पेरूच्या पिशवीखाली वाकून पाहिलं.

मला ते बघायचा धीर झाला नव्हता. तिला झाला होता. हळद ओली झाली असती तर तिनं मला सांगितलं असतं की नाही, हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही. बस सुटली तेव्हा मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि हळदीला हात लागू नये म्हणून बोटं लांब ठेवली होती.